डेंग्यू, झिका आणि माकडताप: नातलग विषाणूंच्या कोडॉन-वापरातील साम्याचा अर्थ कसा लावावा?

तिलारीकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझा प्रकल्प फ्लॅविव्हायरस, म्हणजे डेंग्यू ज्यात येतो त्या आरएनए विषाणूंच्या गटातील विषाणूंच्या कोडॉन-वापरावर आहे. ए, यू, जी आणि सी या आरएनएच्या चार अक्षरांपैकी तीन-तीन अक्षरांचा एक कोडॉन होतो आणि तो एक अमिनो आम्ल सांगतो; एकाच अमिनो आम्लाच्या समानार्थी कोडॉनांपैकी कोणता किती वापरला जातो, तो कोडॉन-वापर. हा विषय मी हट्टाने मागून घेतला. माझे गाव दोडामार्ग तालुक्यात आहे. २०१६ मध्ये आमच्या भागात माकडताप आला तेव्हा मी शाळेत होते आणि काजूच्या हंगामात बागेत पाऊल टाकायलाही माणसे धजत नव्हती. या तापाचा विषाणू डेंग्यूच्या विषाणूचा नातलग आहे हे मला पुढे पदवीच्या वर्गात कळले, आणि तेव्हापासून हे नाते नेमके कशाकशात दिसते याची उत्सुकता मनात राहिली.

मी केलेले काम थोडक्यात सांगते. डेंग्यूची चारही प्ररूपे, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल आणि माकडताप या विषाणूंचे संपूर्ण जनुकसंच मी सार्वजनिक संग्रहातून घेतले. प्रत्येक विषाणूत एकच लांबलचक वाचनचौकट (कोडॉनामागून कोडॉन असा सलग वाचला जाणारा भाग) असते आणि तिच्यातून एकच मोठे बहुप्रथिन तयार होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. त्या चौकटीतून मी तीन विरामी (प्रथिन तिथे संपते असे सांगणारे) कोडॉन काढून टाकले, मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन यांना प्रत्येकी एकच कोडॉन असल्यामुळे तेही वगळले, आणि उरलेल्या ५९ कोडॉनांचा सापेक्ष वापर काढला. एखाद्या अमिनो आम्लाचे सर्व समानार्थी कोडॉन सारख्याच प्रमाणात वापरले गेले, तर प्रत्येकाचे मूल्य १ येते. १ पेक्षा अधिक म्हणजे पसंती आणि कमी म्हणजे टाळाटाळ, असा त्याचा ढोबळ अर्थ मी घेतला आहे. त्यानंतर कोडॉनांची परिणामकारक संख्या (ती जितकी कमी, तितका ठरावीक कोडॉनांकडे कल अधिक) काढली आणि शेवटी मानवी कोडॉन-तक्त्याशी तुलना करून प्रत्येक विषाणूचा अनुकूलन निर्देशांक, म्हणजे माणसात वारंवार येणारे कोडॉन तो किती वापरतो याचा आकडा, काढला.

डेंग्यूच्या चारही प्ररूपांचे आकडे एकमेकांशी इतके जुळले की आलेखावर त्यांचे ठिपके वेगळे ओळखणे अवघड गेले. आर्जिनिनसाठी एजीए, ग्लायसिनसाठी जीजीए, प्रोलिनसाठी सीसीए आणि थ्रिओनिनसाठी एसीए ही पसंती चौघांतही दिसते. परिणामकारक संख्या सर्वच विषाणूंत पन्नाशीच्या आसपास आहे, म्हणजे एकूण कल सौम्य आहे. इथपर्यंत सारे ठीक होते, पण मानवी तक्त्याशी तुलना केल्यावर माकडतापाच्या विषाणूचा निर्देशांक डेंग्यूपेक्षा वरचढ आला. मी तीनदा तपासले आणि उत्तर तेच आले.

प्रबंधात ‘हे विषाणू मानवी यजमानाशी उत्तम जुळवून घेतलेले आहेत’ असे वाक्य घालावे, असे मला सुचवण्यात आले आहे. वाचलेल्या बऱ्याच शोधनिबंधांतही असेच वाक्य आढळते. मला मात्र ते लिहिताना स्वस्थ वाटत नाही. डेंग्यू माणसामाणसांत डासांमार्फत वर्षानुवर्षे फिरत आहे. माकडताप मात्र जंगलातून आलेल्या गोचिडीने माणसाला होतो. असे असताना माणसाशी अधिक जुळलेला विषाणू माकडतापाचा कसा ठरेल? माझे गणित चुकले आहे, की गणिताचा अर्थ चुकतो आहे?

तृतीयस्थान

आपले गणित बरोबर असावे असे मला वाटते, आणि आपल्या अस्वस्थतेतच या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, मेलेल्या माकडांच्या निमित्ताने, पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोधला. तेव्हापासून त्याच्या प्रवासाविषयी जे कळले आहे त्यात एक गोष्ट पक्की आहे: गोचिडी, जंगलातील लहान सस्तन प्राणी आणि माकडे यांच्यात त्याचे चक्र चालते आणि माणूस या चक्राच्या बाहेरचा आहे. माणसाला ताप येतो, कधी मृत्यूही येतो, पण माणसापासून विषाणू पुढे जात नाही. माणसाच्या पेशीत एखाद्या उत्परिवर्तनाने विषाणूचा थोडाफार फायदा झाला, तरी तो फायदा त्या रुग्णाबरोबरच संपतो. ज्या यजमानातून पुढची पिढी निघतच नाही, त्या यजमानाशी जुळवून घेण्यासाठी नैसर्गिक निवड काम करू शकत नाही. जपानी मेंदूज्वराचेही तसेच आहे. तो डुकरे आणि बगळ्यांसारखे पाणपक्षी यांच्यात वाढतो आणि माणूस त्याच्यासाठी वाटेचा शेवट असतो. म्हणजे आपल्या यादीत आपण नकळत दोन उत्तम नियंत्रण-नमुने ठेवले आहेत. मानवी तक्त्याशी जुळणारा आकडा जर या दोघांतही चांगला येत असेल, तर तो आकडा मानवी अनुकूलन मोजत नाही, हे आपल्याच विदेने (डेटाने) सिद्ध होते.

मग तो काय मोजतो? माणसाच्या तक्त्यात वारंवार येणारे कोडॉन पाहा: ल्युसिनसाठी सीयूजी, व्हॅलिनसाठी जीयूजी, आयसोल्युसिनसाठी एयूसी. जवळजवळ सर्वांच्या शेवटी जी किंवा सी आहे. त्यामुळे ज्या विषाणूच्या कोडॉनांत तिसऱ्या स्थानी जी आणि सी अधिक, त्याचा निर्देशांक आपोआप वर जातो. डेंग्यूच्या जनुकसंचात जी आणि सी यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ४६ टक्के असते, झिका, वेस्ट नाईल आणि जपानी मेंदूज्वर यांत ते ५१ टक्क्यांच्या आसपास असते आणि गोचिडींमार्फत पसरणाऱ्या या गटात त्याहूनही वर जाते. आपण आपले निर्देशांक या प्रमाणाच्या क्रमाने लावून पाहावेत. ओळ सरळ लागली तर निर्देशांकाने नवे काहीच सांगितले नाही, फक्त घटक-प्रमाणच वेगळ्या नावाने पुन्हा सांगितले.

आणखी एक गोष्ट. १९८७ मध्ये शार्प आणि ली यांनी हा निर्देशांक मांडला, तेव्हा भरपूर प्रमाणात तयार होणाऱ्या प्रथिनांची जनुके हा त्याचा आधार होता. यीस्ट किंवा जिवाणू यांच्या बाबतीत तो अर्थपूर्ण ठरतो, कारण त्यांच्या एकाच पेशीत काही जनुके प्रचंड प्रमाणात वाचली जातात आणि काही क्वचितच, आणि त्या फरकाची खूण कोडॉनांवर उमटते. फ्लॅविव्हायरसमध्ये तीन रचनात्मक आणि सात अरचनात्मक प्रथिने एकाच धाग्यातून, एकाच ओघात तयार होतात आणि मग कापली जातात. जपानी मेंदूज्वराच्या उपगटातील एक वाचनचौकट-सरक (वाचन मध्येच चौकटीतून सरकणे) सोडली, तर सर्वांचे उत्पादन जवळपास सारखेच होते. त्यामुळे आवरण-प्रथिनाचा निर्देशांक एनएस५ या अरचनात्मक प्रथिनापेक्षा अधिक म्हणून ते अधिक प्रमाणात तयार होते, असा निष्कर्ष काही निबंधांत दिसतो, त्याला इथे काही आधारच नाही.

पाटीपेन्सिल

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी सांख्यिकीच्या बाजूने काही सांगतो, कारण या प्रकारच्या कामात दोन आलेख जवळपास ठरल्यासारखे काढले जातात आणि दोन्हींचे वाचन अनेकदा चुकते.

पहिला आलेख परिणामकारक संख्येचा. फ्रँक राइट यांनी १९९० मध्ये ही मोजपट्टी दिली. प्रत्येक अमिनो आम्लासाठी एकच कोडॉन वापरला तर ती २० येते आणि सर्व कोडॉन सारखे वापरले तर ६१. तिसऱ्या स्थानातील जी आणि सी यांच्या प्रमाणावरून केवळ उत्परिवर्तनाच्या दाबाखाली अपेक्षित संख्या किती, याची एक वक्ररेषाही त्यांनी दिली. ठिपका त्या रेषेखाली पडला की ‘निवड सिद्ध झाली’ असे लिहिण्याची प्रथा पडली आहे. मात्र ती रेषा काढताना तिसऱ्या स्थानी ए आणि यू सारखे, तसेच जी आणि सी सारखे, असे गृहीत धरलेले आहे. डेंग्यूमध्ये ए हा यूपेक्षा ठळकपणे अधिक आहे, आणि आपण सांगितलेल्या चारही पसंतीच्या कोडॉनांचा शेवट ए नेच होतो. हे गृहीतक मोडल्याबरोबर ठिपका रेषेखाली सरकतो. त्यासाठी निवडीची गरज लागत नाही.

दुसरा आलेख पहिल्या दोन स्थानांतील जी-सी प्रमाण आणि तिसऱ्या स्थानातील जी-सी प्रमाण यांचा. त्यातील उतार ०.१२ आला की ‘उत्परिवर्तन १२ टक्के, निवड ८८ टक्के’ असे वाक्य लिहिले जाते. मला या वाक्याचा खरोखर त्रास होतो. पहिली दोन स्थाने प्रामुख्याने अमिनो आम्ल ठरवतात, म्हणून ती प्रथिनाच्या गरजेमुळे बांधलेली असतात. उतार कमी येतो तो प्रथिन जपले गेल्यामुळे. समानार्थी कोडॉनांमधून निवड झाल्याचा तो पुरावा नव्हे. शिवाय जवळच्या नातलगांत तिसऱ्या स्थानाचे प्रमाण इतक्या अरुंद पट्ट्यात असते की त्यावरून उतार काढणे म्हणजे एकाच पायरीवर उभे राहून जिन्याचा कल सांगणे होय.

आता आपल्या नमुन्यांविषयी. आपण प्रत्येक प्ररूपाचे किती क्रम (जनुकसंचांच्या अक्षरमाला) घेतलेत ते लिहिले नाही. जर डेंग्यू-२ चे ३०० क्रम आणि माकडतापाचे १० असे काही असेल, तर ते ३१० स्वतंत्र निरीक्षणे नाहीत. एकाच साथीतील क्रम ही एकाच घरातील भावंडे असतात आणि त्यांचे साम्य वारशाने आलेले असते. प्रत्येक जनुकप्रकारातून एखाद-दुसरा क्रम घ्यावा आणि वंशवृक्ष काढून तुलना त्यावर बसवावी.

अपेक्षित मूल्य काढण्याची साधी रीत अशी की विषाणूचे प्रथिन तेच ठेवून, तिसऱ्या स्थानचे घटक त्याच विषाणूच्या प्रमाणानुसार यदृच्छेने भरून, असे हजार कृत्रिम क्रम तयार करावेत आणि त्या प्रत्येकाचा निर्देशांक काढावा. खरा आकडा त्या हजारांच्या घोळक्यातच बसला, तर अनुकूलन हा शब्द वापरू नये.

मण्यारवाट

या चर्चेला जोडून २०२० चा एक प्रसंग नोंदवतो, कारण कोडॉन-वापरावरून यजमान ओळखण्याच्या घाईत केवढी चूक होऊ शकते हे त्यातून दिसले.

२२ जानेवारी २०२० रोजी, वुहानमधील नव्या कोरोना विषाणूची बातमी जगभर नुकतीच पसरत असताना, एका वैद्यकीय विषाणूशास्त्र नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखकांनी या विषाणूचा सापेक्ष कोडॉन-वापर काही मोजक्या प्राण्यांच्या कोडॉन-वापराशी ताडून पाहिला आणि सर्वांत कमी अंतर साप या गटाशी आल्यामुळे चीनमधील मण्यार आणि चिनी नाग हे त्याचे संभाव्य यजमान असावेत, असे म्हटले. एक-दोन दिवसांत ही बातमी वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर आली, मराठीतही आली. मला ती आजही आठवते, कारण आमच्या घरी ‘सापापासून आजार’ यावर जेवताना वाद झाला होता.

अनेक विषाणूशास्त्रज्ञांनी त्यावर लगेच आक्षेप घेतले. तुलनेला घेतलेले प्राणी थोडे होते. सापांना कोरोना विषाणूंची बाधा होत असल्याचा कोणताही पुरावा नव्हता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अशी अंतरे मुख्यतः घटक-प्रमाणाची असतात. या विषाणूच्या सुमारे २९,९०० घटकांच्या जनुकसंचात जी-सी प्रमाण ३८ टक्के आहे, म्हणजे ए आणि यू यांची रेलचेल आहे. ज्या प्राण्याच्या तक्त्यात ए आणि टी ने संपणारे कोडॉन थोडे अधिक, तो प्राणी आपोआप जवळचा ठरतो. काही दिवसांतच, ३ फेब्रुवारीला, वटवाघळातील एका विषाणूशी ९६.२ टक्के साम्य दाखवणारा क्रम प्रसिद्ध झाला आणि सापांची चर्चा मागे पडली.

यजमानाचा माग काढायचा तर क्रमांचे वंशवृक्ष, प्राण्यांमधील प्रत्यक्ष नमुने आणि प्रतिपिंडे यांकडेच जावे लागते. माकडतापाच्या बाबतीत पुण्याच्या मंडळींनी तेच केले होते. जंगलात जाऊन गोचिडी गोळा केल्या होत्या.

तिलारीकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. ‘तृतीयस्थान’ यांनी सांगितल्याप्रमाणे मी निर्देशांक जी-सी प्रमाणाच्या क्रमाने लावून पाहिले. क्रम जवळजवळ तोच आला: तळाला डेंग्यू, मध्ये झिका, जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाईल, वर माकडताप.

आता मनात उलट शंका येते आहे. साम्य केवळ वारशाने आलेले असेल, तर नातलग विषाणूंच्या कोडॉन-वापराचा अभ्यास करण्यात अर्थ तरी काय? वंशवृक्ष काढला की तेच दिसणार ना? माझ्याकडे चार महिने आहेत आणि प्रकल्प नुसत्या नकारावर संपू नये असे वाटते.

अनुवंश

‘साम्य केवळ वारशाने’ हे विधान डेंग्यू-२ च्या आतल्या क्रमांसाठी बरोबर आहे, पण चार प्ररूपांमधील साम्यासाठी ते पुरेसे नाही, आणि आपल्या प्रकल्पाची खरी जागा मला इथेच दिसते.

डेंग्यूच्या दोन प्ररूपांची बहुप्रथिने घेतली तर अमिनो आम्लांच्या पातळीवर ती साधारण ६५ ते ७० टक्केच जुळतात. एवढे अंतर पडेपर्यंत तिसऱ्या स्थानांवर कितीतरी वेळा बदल होऊन गेलेले असतात. तिथे मूळ पूर्वजाचे अक्षर टिकून राहिले असेल असे मानता येत नाही. तरीही एकूण आकडे जुळतात. याचा अर्थ असा की अक्षरे बदलत राहिली, पण ती ज्या प्रमाणात बदलतात ते प्रमाण टिकून राहिले. घरातील माणसे बदलली तरी घराची रीत टिकावी, तसे हे आहे. ही रीत कोण टिकवते, हा प्रश्न वंशवृक्षाने सुटत नाही. विषाणूच्या स्वतःच्या पॉलिमरेजच्या (आरएनएच्या प्रती काढणाऱ्या विकराच्या) चुकांचा कल, पेशीतील विकरांनी आरएनएवर केलेले फेरफार आणि काही अक्षर-जोड्या टाळण्याचा दाब, असे किमान तीन उमेदवार आहेत.

अक्षर-जोड्यांचा उमेदवार मला सर्वांत रंजक वाटतो आणि तो आपल्याच विदेत उघड दिसतो आहे. आर्जिनिनला सहा कोडॉन आहेत: सीजीयू, सीजीसी, सीजीए, सीजीजी, एजीए आणि एजीजी. डेंग्यूला एजीए इतका का आवडतो? पहिल्या चारांत सी नंतर लगेच जी येतो, शेवटच्या दोनांत येत नाही. आता यूसीजी, सीसीजी, एसीजी आणि जीसीजी हे कोडॉन आपल्या तक्त्यात पाहा. तेही दबलेले दिसतील. सी-जी ही जोडी पोटात असलेले कोडॉन एकूण आठ आहेत आणि त्या आठांची टाळाटाळ ही आठ स्वतंत्र पसंत्या नसून एकाच कारणाची आठ रूपे आहेत. डेंग्यूच्या जनुकसंचात ही जोडी अपेक्षेच्या सुमारे निम्मीच आढळते. जीयूए सारख्या कोडॉनांची घट यू-ए ही जोडी टाळण्यातून येते, तेही याच जातीचे.

सी-जी का टाळली जाते? पृष्ठवंशी प्राण्यांच्या डीएनएमध्ये या जोडीतील सी वर मिथाइल गट बसतो आणि कालांतराने त्याचा टी होतो, म्हणून त्यांच्या जनुकसंचात ती विरळ झाली आहे. आरएनए विषाणूला हे कारण लागू पडत नाही. मात्र आपल्या पेशींत झॅप नावाचे एक विषाणूरोधी प्रथिन असते. ते सी-जी ने भरलेल्या आरएनएला ओळखून धरते आणि त्याचा नाश घडवते. २०१७ मध्ये एचआयव्हीवरील प्रयोगांतून हे स्पष्ट झाले. जिथे स्वतःच्या आरएनएमध्ये ती जोडी कमी आहे, तिथे तिची गर्दी परक्याची खूण ठरते. कीटकांत हे प्रथिन नाही आणि त्यांच्या जनुकसंचात ती जोडी अशी विरळही नाही.

म्हणून मी सुचवतो की आपल्या यादीत फक्त कीटकांतच राहणारे फ्लॅविव्हायरस घ्यावेत. एडिस डासाच्या पेशींत १९७५ मध्ये सापडलेला, पेशी एकमेकींत विलीन करणारा विषाणू त्यांपैकी सर्वांत जुना परिचित आहे, आणि त्याचा संपूर्ण क्रम संग्रहात आहे. हे विषाणू डेंग्यूचे नातलगच आहेत, पण त्यांना पृष्ठवंशी यजमान नाही. आता तुलना नीट मांडली जाईल: एकीकडे डास आणि माणूस, दुसरीकडे गोचीड आणि सस्तन प्राणी, तिसरीकडे फक्त डास. नाते सर्वांचे आहे, आयुष्यक्रम वेगळे आहेत. यजमानाची खूण कुठे असेल तर ती या फरकात शोधावी. ‘पृष्ठवंशी यजमान आहे की नाही’ एवढे कोडॉनांवरून कदाचित सांगता येईल. ‘माणूस की माकड’ हे सांगता येणार नाही.

कोडॉनांची निवड भाषांतराच्या गतीसाठी होते, असे दाखवणारे एक ठोस उदाहरणही सांगतो, नाहीतर आम्ही सगळे ती शक्यताच नाकारतो असे वाटेल. पोलिओ आणि हिपॅटायटिस-ए हे एकाच कुळातील विषाणू, जनुकसंच दोघांचाही सुमारे साडेसात हजार घटकांचा, तरी कोडॉन-वापर अगदी निराळा. हिपॅटायटिस-ए मध्ये परिणामकारक संख्या चाळिशीपर्यंत खाली येते. पोलिओचा विषाणू यजमान पेशीचे स्वतःचे प्रथिन-उत्पादन बंद पाडतो. हिपॅटायटिस-ए ला ते जमत नाही, म्हणून तो पेशीशी स्पर्धा टाळून, तिला कमी लागणारे कोडॉन वापरत संथपणे वाढतो. बार्सिलोना विद्यापीठातील पिंतो आणि बॉश यांच्या गटाने नुसते तक्ते मांडले नाहीत. पेशीचे स्वतःचे उत्पादन औषधाने दाबले आणि विषाणूला त्या परिस्थितीत अनेक पिढ्या वाढवले, तेव्हा कवच-प्रथिनाच्या भागातील कोडॉन बदलले. परिस्थिती बदलल्यावर कोडॉन बदलताना दिसले, म्हणून २०१० मधील त्यांचा निष्कर्ष मी मान्य करतो.

लसमंजिरी

मी लस-निर्मितीच्या क्षेत्रात काम करते. कोडॉन आणि अक्षर-जोड्या यांची गल्लत आमच्याकडेही झाली होती, म्हणून थोडे लिहिते.

२००८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथील गटाने पोलिओच्या कवचाच्या भागात शेकडो मूक बदल केले. अमिनो आम्ले तीच, कोडॉनही तेच, फक्त कोणता कोडॉन कोणाशेजारी येतो ती मांडणी बदलली. विषाणू दुबळा झाला. प्रथिन मूळचेच राहिल्यामुळे प्रतिकारशक्तीला ओळख तीच मिळते, आणि बदल शेकडो असल्यामुळे विषाणूला मूळ रूपात परतणे अवघड जाते. लसीसाठी याहून चांगले काय हवे? आधी स्पष्टीकरण दिले गेले ते कोडॉन-जोड्यांच्या संथ भाषांतराचे. २०१४ मध्ये पीटर सिमंड्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शेजार बदलताना दोन कोडॉनांच्या सांध्यावर सी-जी आणि यू-ए या जोड्या वाढतात, आणि दुबळेपणा त्या जोड्यांमुळेच येतो. त्यावर बराच वाद झाला. माझे मत सिमंड्स यांच्या बाजूचे आहे, कारण त्यांनी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या बदलून पाहिल्या.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोडाजेनिक्स या कंपनीबरोबर नाकातून देण्याची जी कोविड लस विकसित केली, तिच्यात हेच तंत्र होते: काटेरी प्रथिनाच्या जनुकात २८३ मूक बदल, आणि शिवाय फ्युरिन या पेशीतील विकराने कापली जाणारी जागा काढून टाकलेली. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये तिच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या. मूक बदलांना आपण पाठ्यपुस्तकात ‘परिणामशून्य’ म्हणतो, तो शब्द आता बदलायला हवा.

तिलारीकाठ

आठ दिवसांनी लिहिते आहे. ‘पाटीपेन्सिल’ यांच्या सूचनेनुसार प्रत्येक जनुकप्रकारातून एकच क्रम ठेवला. यादी बरीच लहान झाली, पण आता तिच्यावर विश्वास वाटतो. फक्त कीटकांत राहणारा तो विषाणू यादीत घेतला आणि सर्वांत आधी आर्जिनिनची चौकट उघडली. डेंग्यूत सी-जी ने सुरू होणारे चार कोडॉन मिळूनही एजीए आणि एजीजी यांच्यापुढे फारच थोडे भरतात. कीटकांतल्या विषाणूत ते तसे रोडावलेले नाहीत. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत राहिले.

प्रबंधातील ते वाक्य मी काढले आहे. त्याऐवजी असे लिहिले आहे: ‘माकडताप आणि जपानी मेंदूज्वर यांच्या विषाणूंसाठी माणूस हा अंतिम यजमान असूनही त्यांचा मानवी अनुकूलन निर्देशांक डेंग्यूपेक्षा अधिक येतो, म्हणून या गटात हा निर्देशांक मानवी अनुकूलनाचा पुरावा मानलेला नाही.’ मार्गदर्शकांना ते दाखवले. त्यांनी दोनदा वाचले, जपानी मेंदूज्वराविषयी एक प्रश्न विचारला आणि वाक्य राहू द्या म्हणाले.

एक शेवटची शंका आहे. डेंग्यूच्या वाचनचौकटीच्या अगदी सुरुवातीचे काही कोडॉन उरलेल्या चौकटीच्या रीतीशी जुळत नाहीत. तो भाग लहान आहे म्हणून सोडून द्यावा का?

तृतीयस्थान

सोडू नका, पण वेगळा काढा. डासांमार्फत पसरणाऱ्या फ्लॅविव्हायरसांत कवच-प्रथिनाच्या जनुकाच्या सुरुवातीला एक केसपीन-घडी (आरएनए स्वतःवरच दुमडून झालेली) असते, आणि तिच्या पुढेच असा एक छोटा क्रम असतो जो जनुकसंचाच्या दुसऱ्या टोकाशी जोडी जुळवून सारा आरएनए वर्तुळाकार करतो. त्याशिवाय प्रत-निर्मिती होत नाही. त्या जागी अक्षर कोणते असावे हे कोडॉन ठरवत नाही, समोरच्या टोकावरची जोडीदार अक्षरे ठरवतात. गोचीड-गटात हा जोडणारा क्रम वाचनचौकट सुरू होण्याच्या आधीच येतो. त्यामुळे माकडतापाच्या विषाणूत त्या कोडॉनांवर ते बंधन नसावे. दोन्हींचे पहिले ४० कोडॉन स्वतंत्रपणे मोजून पाहा आणि काय दिसते ते इथे जरूर कळवा.